जोडीदाराचा पत्ता

पत्रक छापून आलं तेव्हा मी त्या दुकानात एकदाही पाऊल टाकलेलं नव्हतं. दुसऱ्या कुणी विचारण्याआधी मीच सांगून टाकते. आमच्या युवक मंडळाची पत्रकं मी लिहिते, आणि बरी लिहिते. मथळा असा हवा की चहा पिणाऱ्याचा कप हातात थांबला पाहिजे, हे मला कॉलेजच्या पहिल्या वर्षातच शिकवलं गेलं. या पत्रकाचा मथळा होता, ‘अंधाऱ्या खोलीत पिढी गारद’. त्याखाली ठळक अक्षरांत मी विचारलं होतं : ‘या खोलीत एक तरी कष्टकरी माणूस दाखवा. दिसतील ती फक्त वाया चाललेली पोरं.’

दुकान व्हिडिओ गेमचं. सोलापूरच्या पूर्व भागात, आमच्या गल्लीच्या टोकाला, शाळेपासून हाकेच्या अंतरावर. शटर अर्धं खाली, त्याच्या आत काळा पडदा. दप्तरं पाठीला लावलेली पोरं शाळेच्या वेळेला त्या पडद्याआड जाताना मी स्वतः पाहिली होती. ते खरं होतं आणि आजही माझं म्हणणं तेच आहे. पण जे पाहिलं नव्हतं तेही मी लिहिलं, आणि ठळक अक्षरांत लिहिलं.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी खळीची बादली आणि पत्रकांचा गठ्ठा घेऊन निघाले. दुकानाच्या शेजारच्या खांबावर एक पत्रक डकवलं, शटरवर एक. मग वाटलं, मालकाच्या हातातच एक द्यावं, तोंडावर. पडदा बाजूला केला.

आत अप्पा बसले होते.

माझे वडील. बावीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर काढलेला माणूस. गेल्या दिवाळीला मालकानं माग भंगारात घातले, तेव्हापासून अप्पा रोज सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, ‘मठात जाऊन येतो’ म्हणून बाहेर पडायचे. जाताना अव्वा, म्हणजे माझी आई, त्यांच्या हातात बेलाची पानं आणि कण्हेरीची दोन फुलं द्यायची. ती पानं नि फुलं मला तिथं दिसली. दुकानाच्या टीव्हीवर, वायरींच्या गुंत्याशेजारी नीट मांडून ठेवलेली होती.

मी पडदा हातात धरून दारातच उभी. सभेत माईक बंद पडला तरी बोलत राहणारी मी. अप्पांनी मान वर केली, मला पाहिलं, आणि पुन्हा टीव्हीच्या पडद्याकडे बघायला लागले. डाव चालू होता ना.

अप्पांच्या शेजारी, एकाच बाकावर, मांडीला मांडी लावून त्यांच्याच वयाचा एक गृहस्थ होता. पांढरी दाढी, जाळीची टोपी, चौकड्याची लुंगी. समोरच्या बाकावर कॉलेजची दोन पोरं आळीपाळीनं त्यांच्याविरुद्ध खेळत होती आणि मागं सात-आठ जण उभे राहून बघत होते. कुणी शिव्या देत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. कीर्तनाला बसल्यासारखे गप्प.

“टॉवेल कंपनी खेळतीय,” दुकानाचा मालक माझ्या कानाशी म्हणाला. तिशीचा माणूस, डोळ्यांखाली काळं. “बसा की ताई. कुणाला न्यायला आलाय का?”

माझ्या हातात पत्रकं होती. मी ती उलटी धरली.

त्यानं मला खेळ समजावून सांगितला, मी विचारलं नव्हतं तरी. एका बाजूला दोन गडी. मैदानात एका वेळी एकच उतरतो, दुसरा बाहेर थांबतो. बटण दाबलं की बाहेरचा उडी मारून आत येतो आणि आतला बाहेर जातो. वर प्रत्येकाच्या जिवाची पट्टी असते. मार बसला की ती आखडते, पण आखडलेल्यातला थोडा भाग लाल राहतो, आणि गडी बाहेर जाऊन थांबला की तो लाल भाग हळूहळू भरून येतो.

“आणि आतला मेला तर?” मी विचारलं.

“मग डाव गेला. बाहेरचा कितीही ताजा असूंदे. त्याला टायमावर आत घेतलाच न्हाय ना तुमी.”

मला हा नियम अन्यायाचा वाटला, आणि मी तसं म्हणालेही. तो हसला. “नियम माझा न्हाय, ताई.”

पुढं त्यानं जे दाखवलं ते बघून मी पत्रकं विसरले. पोरं दोन्ही गडी एकट्यानं चालवतात. हे दोघं एकेक गडी वाटून घेतात. अप्पांची वेणीवाली बाई, चपळ. दाढीवाल्या काकांचा रेड्यासारखा पैलवान. पण हातात धरायचा रिमोट दोघांत एकच. म्हणजे पडद्यावर गडी बदलला की बाकावर रिमोटही या हातातून त्या हातात जायला हवा, आणि बदलाच्या त्या अर्ध्या श्वासात दोन्ही गडी उघडे पडतात. तेवढ्यात समोरचा हाणतो. दुसरं कुणीही असतं तर रिमोट घेता घेता हरलं असतं.

हे दोघं सहसा हरत नव्हते. काकांचा अंगठा आधी अप्पांच्या अंगठ्यावर येऊन बसायचा. क्षणभर एकाच बटणावर दोन अंगठे. बटण दाबलं जायचं, आणि मग अप्पांचा हात खालून अलगद सरकून निघायचा. ना बोलणं, ना एकमेकांकडे बघणं.

एकच खोड होती त्यांची. पट्टी पुरती संपायच्या कितीतरी आधी ते गडी बदलायचे. मग समोरचा मरायला आलेला असो. मी बघत होते त्या डावातही तेच झालं. समोरच्याचा जीव नखाएवढा उरलेला, एक फटका बाकी, आणि अप्पांनी हात काढून घेतला. काकांचा आधीच मार खाल्लेला पैलवान आत येईतोवर पोरांनी हाणलं आणि डाव घेतला.

“काका, जीव होता की अजून बाईत,” एक पोरगा म्हणाला.

“कांडी संपूस्तवर थांबायचं नसतंय,” अप्पा म्हणाले.

पोरांना ते कळलं नाही. मला कळलं. मागाच्या धोट्यात, म्हणजे आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळणाऱ्या लाकडी तुकड्यात, सुताची कांडी असते. ती पुरती रिकामी होऊ दिली तर धोटा नुसताच फिरतो आणि टॉवेलात फट पडते. थोडं सूत शिल्लक असतानाच कांडी बदलायची, हे बावीस वर्षं करत आलेला माणूस जिंकत आलेल्या डावातसुद्धा गडी बदलणार.

घरी येताना मी फार बोलले. खोटं बोललात, अव्वाला फसवलंत, फुलं टीव्हीवर ठेवलीत, असलं सगळं. अप्पा ऐकत चालले होते. मागाच्या खडखडाटानं त्यांना एका कानानं कमी येतं, आणि मी कुठल्या कानाशी बोलतेय याचा फायदा ते बरोबर घेतात.

“त्यो माझा जोडीदार हाय,” शेवटी ते म्हणाले. “मी दिवसपाळी, त्यो रातपाळी. आठवडा बदलला की उलटं. बावीस वर्सं त्याच चार मागांवर.”

“म्हणजे तुम्ही एकत्र काम करायचात?”

“एकत्र कसं? मी निगालो की त्यो यायचा. पाच मिन्टं गाठ. चालू माग बंद करायचा न्हाय, म्हणून त्यानं हात ठेवला की मग मी काडायचा.”

“आणि दुकानात कसे भेटलात?”

“अवकाळी पावसाला आडुशाला थांबलो त्या पडद्यात. त्योबी थांबलेला. पोरं म्हनली, काका बसा. बसलो.” चालता चालता ते म्हणाले, “पयल्यांदाच शेजारी बसलो बग.”

दाराशी आल्यावर त्यांनी हात पुढं केला. “काय वाटत होतीस त्ये दे.”

मी पत्रक दिलं. पायरीवर बसून, एकेक शब्दावर बोट ठेवत, त्यांनी ते पूर्ण वाचलं. कष्टकरी माणूस दाखवा, या ओळीवर बोट थांबलं.

“हे तू लिवलंस?”

“हो.”

“अक्षर ठळक हाय,” ते म्हणाले, पत्रकाची चार घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. मला राग आला होता तो कुठल्या कुठं गेला. त्यापेक्षा एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं.

आमची पत्रकं काही बदलत नाहीत, हा माझा पाच वर्षांचा अनुभव. गल्लीतल्या तुंबलेल्या गटारीवर मी तीन पत्रकं लिहिली. गटार आहे तिथं आहे. हे पत्रक मात्र चौथ्या दिवशी लागू पडलं. गाळ्याच्या मालकानं दुकानवाल्याला सांगितलं, मला कटकट नको, जागा मोकळी कर. त्यानं केली. मंडळात माझं अभिनंदन झालं, कुणीतरी पेढे आणले. मी पेढा घेतला आणि तो तोंडात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता अप्पा आंघोळ करून, फुलं घेऊन निघाले आणि दहा मिनिटांत परत आले. तिसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशी ते निघालेच नाहीत. भिंतीला पाठ लावून बसले, दोन्ही हात मांडीवर उलटे टाकून. अव्वानं विचारलं, “आज मठात न्हाई का?” ते म्हणाले, “मठ बंद हाय.”

अव्वा आत गेल्यावर मी म्हणाले, “अप्पा, त्यांच्या घरी जाऊन या की. जोडीदाराच्या.”

“घर कुटं म्हाईत हाय?”

मला वाटलं टाळतायत. “फोन करा मग.”

“नंबर न्हाय.”

“बावीस वर्षांत तुम्ही त्यांना पत्ता विचारला नाहीत?”

“अगं, त्या खडखडाटात काय इचारणार? बोट वर क्येलं की समजायचं दुसऱ्या मागावर तार तुटतीय. दोन बोटं म्हंजे तिसऱ्यावर कांडी संपाय आली. घर कुटं हाय ह्येला बोट न्हाय.”

“आणि दुकानात? इतके महिने शेजारी बसलात ना?”

“तितं डाव असतोय की.”

ते असं बोलले जणू वेड्यासारखं मीच काहीतरी विचारतेय. बावीस वर्षं, दिवसातून दोनदा, एका हातावर दुसरा हात, आणि हा माणूस या शहरात कुठं राहतो हे माझ्या बापाला माहीत नाही. त्यांना पुन्हा भेटण्याची एकच जागा होती आणि ती मी बंद पाडली होती. कामगारांच्या एकजुटीवर मी किती लिहिलंय. त्यातलं पान आणि पान मला त्या क्षणी आठवलं, आणि आठवायला नको होतं.

मी शोधायला निघाले. पत्रकं वाटून वाटून पूर्व भागातली प्रत्येक गल्ली मला पाठ आहे, याचा मला गर्व होता. जाळीची टोपी, पांढरी दाढी, टॉवेलच्या कारखान्यात होते, एवढ्यावर माणूस सापडत नाही, हे दोन दिवसांत कळलं. शेवटी दुकानवाल्याकडे गेले. तो घरी खोक्यांत सामान भरत होता. वैरागला सासऱ्याच्या मोबाईलच्या दुकानात जाऊन बसणार होता. मी कोण ते त्याला एव्हाना कळलेलं होतं.

“बोला, ताई. अजून काय बंद करायचं ऱ्हायलंय?”

मी ऐकून घेतलं. घ्यायलाच हवं होतं.

“ते दाढीवाले काका कुठं राहतात?”

“म्हाईत न्हाय. पण रोज संध्याकाळी सातला येऊन शटरपुढं हुबं ऱ्हात्यात. मी सामान काडताना बगितलं. मी म्हनलं काका, दुकान गेलं. म्हणाले, हौ हौ, मालूम है, आणि तितंच हुबे.”

अप्पा दोन दिवस सकाळी अकराला जाऊन बंद शटर बघून आले होते. ते काका संध्याकाळी सातला, पाळी बदलताना दोघांची गाठ पडायची त्या जुन्या वेळेला. एकाच शटरपुढं, आठ तासांच्या फरकानं.

त्या संध्याकाळी मी अप्पांना घेऊन गेले. यायला तयार नव्हते. “बंद दुकानापुढं हुबं ऱ्हाऊन काय करायचं?” पण आले. सातला पाच मिनिटं कमी असताना काका कोपऱ्यावरून आले, हातात रिकामी पिशवी. अप्पांना पाहून थांबले. मला वाटलं आता मिठी मारतील, निदान हात हातात घेतील. काही नाही.

“लेट आये अण्णा,” काका म्हणाले.

“तूच लौकर आलास.”

संपलं. दोघं शटरकडे तोंड करून शेजारी शेजारी उभे. मला ते सहन होईना. मी म्हणाले, “काका, ते पत्रक मी लिहिलं होतं.”

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं, मग अप्पांकडे. “तुमची छोकरी?”

“व्हय.”

“अच्छा लिखती.” मग माझ्याकडे वळून, आवाज अजिबात न चढवता, “लेकिन बेटी, पैले अंदर आना था ना. बाहर से दो बुढ्ढे नै दिखते.”

मी माफी मागितली. ती त्यांनी घेतली नाही, नाकारलीही नाही. पिशवी या हातातून त्या हातात केली.

“उद्या आमच्या घरी या, अकरा वाजता,” मी म्हणाले. “हे काय, पलीकडच्या गल्लीत घर.”

काकांनी अप्पांकडे बघितलं. अप्पा शटरकडे बघत राहिले. हो म्हणेनात, या म्हणेनात. मला धक्का बसला, आणि लगेच संतापही आला. डोक्यात नाही नाही ते आलं : टोपी, दाढी, आमच्या घरातलं लिंगपूजेचं सोवळं. काका म्हणाले, “नक्को बेटी, तकलीफ कायकू,” आणि निघून गेले. पत्ता तेव्हाही कुणी विचारला नाही.

रस्त्यात मी अप्पांना धरलं. “घरी बोलवायला लाज वाटली? इतकी वर्षं हातावर हात ठेवलेला चालला, आणि घरात नको?”

अप्पा रस्त्याच्या मधोमध थांबले. ते चिडलेले मी क्वचित पाहिलेत. “काय बोलतीस? अकरा वाजता मी मठात असतो की. त्यो घरी आला, बोलता बोलता दुकानाचं निगालं, तर तुज्या आईला काय सांगू? सहा म्हैने फुलं देतीया ती.”

एवढंच होतं. मी काय काय समजून बसले होते. पडदा न उचलता लिहायची सवय बापाच्या बाबतीतही जात नाही.

घरी गेल्यावर अप्पा चप्पल न काढताच उंबऱ्यात उभे राहिले. अव्वा शेंगा निवडत बसली होती.

“मी मठात जात न्हवतो,” अप्पा म्हणाले.

“म्हाईत हाय,” अव्वा म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत.

“काय म्हाईत हाय?” हे मी विचारलं.

“मठातनं येणाऱ्या माणसाच्या कपाळाला इबुती असती. ह्यांचं कपाळ सहा म्हैने कोरडं.” तिनं एक खराब शेंग बाजूला टाकली. “कुटं जात्यात त्ये ठावं न्हवतं. येताना तोंड हसरं असायचं, म्हणून फुलं देत ऱ्हायले.”

अप्पा उंबऱ्यातच खाली बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. टीव्हीवरच्या फुलांचं ऐकल्यावर मात्र अव्वाचे हात थांबले. “टीव्हीवर?” ती म्हणाली. “अय्यो. निदान पाणी तरी शिंपडायचं खाली.”

दुसऱ्या संध्याकाळी सातला अप्पा एकटेच शटरपाशी गेले. काय बोलले ते सांगितलं नाही. मी दुकानवाल्याकडे गेले आणि खेळाचा एक संच मागितला. त्यानं मला पुष्कळ सुनावलं. त्याच्या मुलीची शाळा बदलावी लागणार होती, ते मी विचारलं होतं का. नव्हतं विचारलं. सगळं बोलून झाल्यावर त्यानं एक खोकं उघडलं. “तुमाला न्हाय देत. टॉवेल कंपनीला देतोय.”

मंडळाच्या बैठकीत मी उभी राहून सांगितलं की पत्रकातली एक ओळ खोटी होती आणि ती मी न बघता लिहिली. पोरं शाळा चुकवतात ते खरं, त्यावर शाळेत जाऊन बोलू. पण दुकान त्या ओळीनं बंद पाडलं आणि एक घर उठवलं. कुणीतरी म्हणालं, एका ओळीनं काय होतंय, हेतू चांगला होता. ज्यानं पेढे आणले होते त्यानं विचारलं, मग आता काय उलटं पत्रक काढायचं का? मी म्हणाले, काढायचं. त्यावर अजून वाद चालू आहे.

काका घरी आले ते अकराच्याही आधी. दारात थांबले. अव्वा म्हणाली, “आत या की, हुबं का?” ते आत आले, बाकावर बसायला जागा शोधली; आमच्याकडे बाक नाही, सतरंजीवर बसले. संच मी जोडून ठेवला होता. दोन गडी निवडून झाले, वेणीवाली आणि पैलवान. समोरच्या बाजूला मी, कारण दुसरं कुणी नव्हतं.

अव्वानं चहा आणला आणि सहज विचारलं, “घरी कोण कोण असतंय तुमच्या?”

काकांनी रिमोट खाली ठेवला. मीही बटणं सोडली, आणि पडद्यावर दोन्ही गडी जागच्या जागी थांबले. “दो बेटे,” ते म्हणाले. “एक बेटी थी. पिछले साल गई.”

अप्पा त्यांच्याकडे वळले. “गेली म्हंजे?”

“गुजर गई, अण्णा. दिवाली के पैले. कारखाना चालू था तब.”

“त्या दिवशी तू पाळीला आलावतास?”

“तीसरे दिन आया. हात रख्या था की तुमारे हात पे.”

मला तो दिवस माहीत नव्हता, त्यांनाही नव्हता. चहावर साय धरली. अप्पांनी कप बाजूला सरकवला आणि विचारलं, “नाव काय होतं तिचं?”

काकांनी नाव सांगितलं, आणि मग तिच्याबद्दल सांगायला लागले. अप्पा चांगला कान त्यांच्याकडे करून जवळ सरकून बसले. मी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला.